पळता पळता साधना होते का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लाँग रनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या पळण्याच्या ट्रेनिंगबद्दल लिहिलं होतं, आणि शेवटी सहज विचारलं होतं की टायमिंग आणि मेडल सोडून पळण्यातून तुम्हाला अजून काही मिळतंय का. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच कुणाला तरी हे सांगतोय असं लिहिलंय. सगळ्यांना उत्तर देणं इथे शक्य नाही, म्हणून ज्यांचे प्रश्न इतरांच्याही मनात असतील अशी काही पत्रं घेतेय. नावं अर्थातच काढलीयेत.

ताई, वय ४६, सातारकर. यवतेश्वरचा घाट आमच्या पायाखालचा. गेल्या महिन्यात लाँग रन चालू होता, पंचवीसेक किलोमीटर झाले असतील, कासच्या रस्त्याला धुकं होतं आणि अचानक डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुःख काही नव्हतं. सगळं आपलंच आहे असं वाटलं, झाडं, रस्ता, समोरून आलेली एसटी सुद्धा. दहा-एक मिनिटं टिकलं. डॉक्टर मित्र म्हणतो एंडॉर्फिन, बायको म्हणते माउलींची कृपा. बरोबर कोण?

तुमच्या डॉक्टर मित्राला आधी एक सांगा, एंडॉर्फिनची गोष्ट आता थोडी जुनी झालीये. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही, त्याचा रेणू त्यासाठी मोठा पडतो. जर्मनीत २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पळणाऱ्यांना आधी नाल्ट्रेक्सोन नावाचं औषध दिलं, जे एंडॉर्फिनचा परिणामच अडवतं, आणि तरीसुद्धा पळून झाल्यावर त्यांना तो हलकेपणा, तो आनंद जाणवलाच. म्हणून आता जास्त संशय आहे तो शरीर स्वतःच तयार करतं त्या एंडोकॅनाबिनॉइड्सवर, म्हणजे भांग मेंदूतल्या ज्या जागी जाऊन काम करते त्याच जागी काम करणारी, पण आपली घरचीच रसायनं.

आता तुमचा खरा प्रश्न. रसायन सापडलं म्हणजे अनुभव खोटा ठरला असं मला अजिबात वाटत नाही. आई बाळाला छातीशी धरते तेव्हाही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, म्हणून कुणी आईचं प्रेम खोटं म्हणत नाही. कीर्तनात गळा दाटून येतो तेव्हाही मेंदूत काहीतरी घडतच असणार. शरीर आहे म्हणून तर अनुभव येतो, बिनशरीराचं अध्यात्म मला तरी माहीत नाही. त्यामुळे तुमचा मित्र आणि तुमच्या मिसेस दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत असं मी मानते.

पण एक गोष्ट मनापासून सांगते. तो अनुभव परत मिळवायच्या मागे लागू नका. पुढच्या रविवारी त्याच वळणावर जाऊन आज का नाही झालं असं वाटायला लागलं की तीही टायमिंगसारखीच एक हाव होते. साधनेच्या जवळजवळ सगळ्या परंपरांमध्ये जुनी माणसं हेच सांगत आलीत की आलं ते आलं, त्याला धरून बसायचं नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडलं ते एसटीचं वाक्य. घाटात पळणाऱ्याला एसटी म्हणजे कडेला ढकलणारी, हॉर्न मारणारी, तोंडावर धूर सोडणारी गाडी, आणि त्या दिवशी ती पण आपली वाटली. मग आता बघायचं ते इतकंच, पुढच्या मंगळवारी तीच एसटी हॉर्न मारत अंगावर येईल तेव्हा त्या ड्रायव्हरबद्दल मनात काय येतं. पंचविसाव्या किलोमीटरला काय वाटलं यापेक्षा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि आजच्या सगळ्याच उत्तरांत मी थोडंफार हेच म्हणणार आहे.

आणि हो, रडू येण्याबरोबर कधी गरगरलं, बोलताना शब्द सापडेनात, थंड घाम आला तर ती साखर उतरलेली असू शकते किंवा अंगातलं मीठ. तेव्हा थांबायचं, बसायचं, सोबतच्याला सांगायचं. त्या क्षणी त्याचा आध्यात्मिक अर्थ शोधायचा नाही.

ताई, मी नाशिकची, २४ वर्षांची. एका रीलमध्ये पाहिलं की जपानमध्ये साधू सात वर्षं डोंगरात पळतात आणि नाही जमलं तर जीव देतात. खरं आहे का? हे अध्यात्म म्हणायचं का शरीराचा छळ? मी आत्ता कुठे टेन के, म्हणजे दहा किलोमीटरची रेस पूर्ण केलीये, मला यातून काय घेता येईल?

बऱ्यापैकी खरं आहे, पण रीलमध्ये नेमकं महत्त्वाचं तेच सुटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्योतो शहराच्या कडेला हिएई नावाचा डोंगर आहे, ८४८ मीटर उंच, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या मधल्या उंचीच्या एखाद्या किल्ल्याएवढा. तिथे एनर्याकुजी हा तेंदाई पंथाचा मोठा बौद्ध मठ आहे, साइचो नावाच्या भिक्षूने ७८८ मध्ये सुरू केलेला. तिथल्या या साधनेला काइहोग्यो म्हणतात आणि तिची सुरुवात नवव्या शतकातल्या सोओ या भिक्षूपासून मानतात. पूर्ण साधना हजार दिवसांची, सात वर्षांत विभागलेली. पहिली तीन वर्षं दरवर्षी १०० दिवस, रोज साधारण ३० किलोमीटर. चौथ्या आणि पाचव्या वर्षी प्रत्येकी २०० दिवस. सहाव्या वर्षी १०० दिवस, पण अंतर ६० किलोमीटरच्या आसपास. सातव्या वर्षी आधी १०० दिवस रोज ८४ किलोमीटर आणि शेवटचे १०० दिवस पुन्हा ३० किलोमीटर.

आता रीलमध्ये नसतं ते. एक म्हणजे ते आपल्यासारखं पळत नाहीत. गवताच्या चपला घालून, मध्यरात्रीनंतर निघून झपझप चालतात, उतारावर पळाल्यासारखं वाटतं इतकंच. आणि वाटेत अडीचशेच्या वर ठिकाणी थांबतात. देऊळ असतं, कुठे नुसता दगड, कुठे झाड, कुठे झरा. प्रत्येक ठिकाणी हात जोडून मंत्र म्हणायचा आणि पुढे निघायचं. या सगळ्या वाटेवर बसायची परवानगी एकाच जागी आहे, एका झाडाखाली, आणि तिथेही क्योतोकडे तोंड करून सगळ्यांच्या कल्याणासाठी प्रार्थना करायला. म्हणजे अंतर हा मुद्दाच नाहीये गं, रोज त्याच दगडाला, त्याच झाडाला नव्याने हात जोडता येतात का हा मुद्दा आहे.

दुसरं, ७०० दिवस झाले की मग येतं ते दोइरी. नऊ दिवस अन्न नाही, पाणी नाही, झोप नाही, आडवं होणं नाही. फुदो म्योओच्या देवळात बसून त्याचा मंत्र एक लाख वेळा म्हणायचा. हा देव म्हणजे भारतातून तिकडे गेलेला अचल, आणि मंत्रही मूळ संस्कृतातला. रोज रात्री दोनला जागेवरून उठून विहिरीवर जाऊन देवासाठी पाणी आणायचं, स्वतः प्यायचं मात्र नाही. हे झाल्यावर काय होतं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तोपर्यंतची साधना स्वतःसाठी होती असं मानतात आणि यापुढची सगळी इतरांसाठी. म्हणूनच सातव्या वर्षीचे ते ८४ किलोमीटर डोंगरात नसतात, ते क्योतो शहरातून असतात, आणि रस्त्याच्या कडेला लोक गुडघे टेकून बसलेले असतात, भिक्षू येता येता प्रत्येकाच्या डोक्याला जपमाळ लावत जातो. इतकं शरीर झिजवून शेवटी तो माणूस डोंगर सोडून गर्दीत येतो.

जीव देण्याचं म्हणशील तर पहिले १०० दिवस कुणीही सोडू शकतो. त्यानंतर परत फिरायचं नाही असा नियम, म्हणून दोर आणि सुरी बरोबर असते, आणि कपडे पांढरे, तिकडे प्रेताला घालतात त्या रंगाचे. आजच्या काळात हे भयंकर वाटतं आणि मलाही हा भाग पटत नाही, कुठल्याही साधनेसाठी कुणी जीव द्यावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण १५८५ पासून आजवर ही पूर्ण साधना केलेले लोक पन्नासच्या आसपासच आहेत, मठ कुणालाही उठून हे करू देत नाही, आधी अनेक वर्षांची तयारी आणि वरिष्ठांची परवानगी लागते. साकाई युसाई नावाच्या एका भिक्षूने तर ती दोनदा केली, १९८० मध्ये एकदा आणि १९८७ मध्ये पुन्हा, तेव्हा ते साठीत होते. आणि हा माणूस मठात आला तोच मुळी चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याआधी युद्ध, धंद्यातलं अपयश, बायकोचा मृत्यू असं सगळं बघून. आणि साधना पूर्ण केली म्हणतात तरी हजार दिवस पुरे झालेले नसतात बरं का, प्रत्यक्षात ९७५ च करतात, उरलेले पंचवीस आयुष्यभर करत राहायचे असं धरतात.

तू काय घ्यायचं? अंतर तर मुळीच नको घेऊ. एक छोटा ठरलेला रस्ता घे, दोन-तीन किलोमीटरचा पण चालेल, गोदाकाठचा असेल नाहीतर कॉलनीतला, आणि आठवड्यातून काही दिवस तोच पळ. त्या रस्त्यावर चार जागा ठरव. एखादं पिंपळाचं झाड, मारुतीचं देऊळ, कुणाच्या दारातली तुळस, झाडू मारणारी मावशी. तिथे आलीस की वेग थोडा कमी कर, मनात हात जोड, मावशी असेल तर तोंडाने नमस्कार कर. महिनाभर करून बघ आणि मला लिही.

नमस्कार ताई. मी ठाण्यात राहते, पहाटे उठून तलावपाळीला पळायला जाते. माझ्या सासूबाई माळकरी आहेत, कित्येक वाऱ्या केल्यात त्यांनी. त्या म्हणतात पैसे भरून पळायचं, छातीवर नंबर लावायचा, वर मेडल घ्यायचं, यात देव कुठे आला गं? पळायचंच तर पंढरपूरच्या वाटेला पळ. मला राग येत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

सासूबाईंचा प्रश्न अगदी नेमका आहे आणि तुम्हाला त्याचा राग येत नाही हे वाचून खरंच बरं वाटलं.

वारीत पळणं नसतं असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी वेळापूरचा धावा बघावा. तिथल्या टेकावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते तिथून पळत सुटले अशी श्रद्धा आहे, म्हणून माउलींची पालखी तिथे आली की दिंड्यांमागून दिंड्या उतारावरून धावत सुटतात. म्हातारी माणसं पळतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका पळतात, वीणा सांभाळत विणेकरी पळतात. आधी दोन आठवड्यांहून जास्त दिवस चालून पाय फोडलेली माणसं आहेत ही! तसंच रिंगण. माउलींचा अश्व, ज्याच्यावर कुणी बसत नाही कारण त्यावर स्वतः माउली बसलेत असं मानतात, आणि त्याच्याबरोबर स्वाराचा अश्व, दोन्ही बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. कोण पहिला आला हे तिथे कुणी विचारत नाही.

आणि अंतराचं म्हणाल तर पुण्याहून सासवडचा मुक्काम घ्या. दिवेघाटासकट तीसेक किलोमीटर होतात, त्यात बऱ्याच जणांचा एकादशीचा उपास. आपण ज्याला लाँग रन म्हणतो आणि ज्याच्यासाठी आठवडाभर आधीपासून जेवणाचा विचार करतो ते अंतर साठ-पासष्टची बाई साध्या चपलांवर, तुळस घेऊन कापते, आणि पुढेही चालतच राहते. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. तुमच्या सासूबाईंनी हे कित्येकदा केलंय. तुमच्या घरातली सगळ्यात मोठी एंड्युरन्स अॅथलीट त्याच आहेत, हे त्यांना एकदा सांगा, मनापासून सांगा.

आता त्या म्हणतात त्यात खरं काय आहे ते बघू. दिंडीत कुणी एकटा पुढे पळत नाही. दिंडीची चाल जी असेल ती आपली, कुणाचे पाय दुखत असतील तर त्याचं ओझं दुसरा घेतो. समोर आला तो माउली, मग तो वयाने लहान असला तरी त्याच्या पाया पडायचं. ही सगळी शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी बसवली आणि ती एकोणिसाव्या शतकापासून आजतागायत चालू आहे. मॅरेथॉनमध्ये यातलं फार कमी असतं हे मान्य करायला हवं. तिथे प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, प्रत्येकाची प्लेलिस्ट वेगळी, पाण्याचा ग्लास घेऊन रस्त्यातच फेकून द्यायचा आणि देणाऱ्या पोराकडे बघायचंसुद्धा नाही, असं मी दर रेसला बघते आणि मला ते फार लागतं. इतक्या पहाटे उठून तो आपल्यासाठी उभा आहे ना.

पण सगळंच तसं नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर, जिथे पाय अगदी गळालेले असतात, तिथे घराघरातून माणसं बाहेर येऊन संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं घेऊन उभी असतात, ओळख ना पाळख, नंबरवरचं नाव वाचून हाका मारतात. वारीच्या वाटेवरच्या गावांमध्ये पिठलं-भाकरी घेऊन उभ्या असलेल्या लोकांना ज्या भावनेने हात जोडले जातात तीच इथे का नसावी? ती आपण आणली तर येईल. मेडल घेतल्याने देव जात नाही असं मला वाटतं, पण मेडलसाठी बाकी कुणी दिसेनासं झालं तर सासूबाई म्हणतात ते खरं ठरतं.

माझा सल्ला, वाद घालू नका आणि सिद्धही करू नका. त्यांना एक विचारा, वारीत पाय अगदी उचलेनासे होतात तेव्हा त्या काय करतात. त्या जे सांगतील ते ऐका आणि पुढच्या लाँग रनला करून बघा. आणि पुढच्या वर्षी त्यांच्याबरोबर निदान आळंदी ते पुणे तरी चाला, त्यांच्या चालीने, घड्याळ घरी ठेवून.

ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो. मागच्या सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये मैत्रिणीकडे गेले होते तेव्हा एका शाळेच्या ब्लॉकभोवती गोल गोल पळणारी माणसं दिसली, विचारलं तर म्हणे ५२ दिवस पळतात! तेव्हापासून मी पण हेडफोन काढून ठेवलेत पण डोकं इतकं बडबडतं की परत लावावेसे वाटतात. नाम घेत पळू का? कसं घ्यायचं?

नशीबवान आहात, ती रेस प्रत्यक्ष बघायची माझी फार इच्छा आहे. ती ३१०० मैलांची, म्हणजे साधारण ४९८९ किलोमीटरची, आणि या रूपात १९९७ पासून होतेय. श्री चिन्मय यांनी सुरू केलेली. मूळचे चितगावकडचे, लहानपणापासून पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात वाढले आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले. ब्लॉक अवघा ८८३ मीटरचा, त्याच्या ५६४९ फेऱ्या, सिमेंटच्या फुटपाथवरून. सकाळी सहा ते रात्री बारा मार्ग खुला, ५२ दिवसांत संपवायचं तर रोज सुमारे ९६ किलोमीटर पडतात. फिनलंडच्या अश्प्रिहानल आल्तोने २०१५ मध्ये ४० दिवस ९ तासांत पूर्ण केली. बक्षिसाची मोठी रक्कम वगैरे काही नाही. तोच सिग्नल, तीच शाळेची भिंत, तीच पोरं शाळेत जाताना आणि येताना, आणि रोज दिशा बदलायची इतकाच काय तो बदल. असं असताना मनाला पळायला जागाच उरत नाही, मला वाटतं त्या छोट्या ब्लॉकचं सगळं मर्म यातच आहे.

तुमची बडबड ऐकू येतेय हे चांगलं लक्षण आहे, ती आधीही होतीच, गाण्याखाली दबलेली होती. पहिले काही आठवडे ती वाढल्यासारखी वाटेल, हेडफोन परत लावू नका. नाम जरूर घ्या, पण पायांवर बसवून घ्या. आरामाच्या वेगात बऱ्याच जणांचा श्वास साधारण तीन पावलं आत, तीन पावलं बाहेर असा चालतो, त्यावर 'राम कृष्ण हरी' बरोबर बसतं, पावलाला एक शब्द. चढ आला, श्वास लहान झाला की 'विठ्ठल विठ्ठल' वर या, दोन पावलं आत, दोन बाहेर. तोंडाने म्हणायची गरज नाही. आणि इंटर्व्हल किंवा टेम्पो रनच्या, म्हणजे जोरात पळायच्या दिवशी नाम सोडून द्या, तेव्हा श्वासाला त्याचं त्याचं काम करू दे. तुमचा देव वेगळा असेल तर ते नाव घ्या, देव मानत नसाल तर नुसती पावलं ऐका, तेही पुरतं.

सुटलं की रागवायचं नाही. दोन किलोमीटर ऑफिसच्या भांडणात गेले असं लक्षात आलं की तिथून परत पहिला शब्द. घड्याळाचं म्हणाल तर मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवा किंवा नुसती वेळ दिसेल असं सेट करा, रन अपलोड करायचा असेल तर संध्याकाळी करा, दारात उभं राहून नको. आणि तिकडे हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, गाड्यांच्या रस्त्यावर नामात रमू नका, तिथे कान आणि डोळे रस्त्यावरच हवेत. नामासाठी पार्क किंवा बंद ट्रॅक.

ताई, पुण्याहून लिहितोय. दुसऱ्या लाटेत माझा मोठा भाऊ गेला, कोविडने. पळायला त्यानेच शिकवलं मला. दोघांनी मिळून दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स रेसला जायचं ठरवलं होतं. आता एकट्याने जावं असं वाटतं, त्याच्यासाठी. पण कधी वाटतं हे मी स्वतःला फसवतोय, माणूस गेला तो गेला. काय करू?

दादा, तुमचं पत्र मी अनेकदा वाचलं.

तुम्ही स्वतःला फसवत नाही आहात. आणि तुम्ही निवडलेली रेस तर सुरूच मुळी गेलेल्या माणसांसाठी झाली. व्हिक क्लॅफम नावाचा माणूस पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढला होता, त्या उन्हातान्हात सैन्याबरोबर मैलोन् मैल चालला होता, बरोबरचे कितीतरी परत आले नाहीत. त्यांचं स्मारक दगडाचं नको, माणसांनी अंगावर घेतलेल्या कष्टाचं असावं असं त्याच्या मनात होतं. काही वर्षं परवानगी मिळाली नाही, शेवटी १९२१ मध्ये पीटरमारिट्झबर्ग ते डर्बन पहिली कॉम्रेड्स झाली. नाव सोबत्यांचंच आहे. तेव्हा गेलेल्या सोबत्यासाठी त्या रस्त्यावर पळणं ही तिथली सगळ्यात जुनी रीत आहे, शंभर वर्षांपूर्वीची.

साधारण निम्म्या वाटेवर ड्रमंड गावाजवळ रस्त्याकडेच्या दरडीत एक खाच आहे, आर्थर्स सीट म्हणतात. आर्थर न्यूटन हा जुन्या काळातला पाच वेळा जिंकलेला धावपटू तिथे विसावा घ्यायचा असं सांगतात. आजही पळणारे तिथे फूल ठेवतात, गुड मॉर्निंग आर्थर म्हणतात, म्हणजे पुढची निम्मी वाट नीट जाते अशी समजूत. एक फूल भावासाठी घेऊन जा.

एकट्याने जाल असं लिहिलंय तुम्ही, पण तिथे कुणी एकटं राहत नाही. बस नावाचा प्रकार असतो, ठरलेल्या वेळेत नेणारा एक अनुभवी ड्रायव्हर पुढे झेंडा घेऊन आणि त्याच्यामागे शेकडो माणसं एका चालीत, गाणी म्हणत, चढाला सगळी एकत्र चालायला लागतात, खुणेच्या खांबापाशी सगळी एकत्र पळायला लागतात. भारतातून, त्यातही महाराष्ट्रातून दरवर्षी बरेच जण जातात. बसमध्ये चढा. अंतर ८५ ते ९० किलोमीटरच्या आसपास असतं, कधी चढाची रेस, कधी उताराची, आणि बारा तास झाले की बंदूक वाजते, त्यानंतर एक सेकंद उशीर झाला तरी मेडल नाही. हे आधीच मनात धरून जा, कारण नाही जमलं तर भावासाठीचं राहून गेलं असं तुम्हाला वाटता कामा नये. त्याच्यासाठी जे करायचं ते तुम्ही पुण्यातल्या पहाटेच्या अंधारात रोज करताच आहात.

एकच विनंती, घरच्यांशी, वहिनींशी हे बोला. त्यांचंही दुःख आहे, आणि बऱ्याचदा आपण पळायला निघून जातो आणि ते घरात बसून राहतात. वहिनींना किंवा त्यांच्या मुलांना एखाद्या रविवारी टेकडीवर चालायला घेऊन जा. प्रवेशासाठी आधी ठरलेल्या वेळेत एक पूर्ण मॅरेथॉन केल्याचा दाखला लागतो, त्याचं प्लॅनिंग हवं असेल तर वेगळं पत्र लिहा, मी नक्की करून देईन.

एकादशीच्या उपासाला लाँग रन केला तर दुप्पट पुण्य का दुप्पट त्रास? (सोलापूर)

निर्जळी उपास असेल तर अजिबात पळू नका, सोलापूरच्या उन्हात तर नाहीच, त्या दिवशी चालणं आणि भजन भरपूर झालं. पाणी आणि फराळ चालत असेल तर दहा-बारा किलोमीटर आरामात होतात. आपल्या उपासाच्या ताटात साबुदाणा, रताळं, राजगिरा, केळी असा कर्बोदकांचाच भरणा असतो, आदल्या संध्याकाळी खिचडी आणि पहाटे एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू हे चांगलं इंधन आहे, फक्त खिचडीतलं तूप आणि दाण्याचं कूट कमी ठेवा नाहीतर पोटात गोळा बसतो. वाटेत लिंबू, साखर आणि सैंधव घातलेलं पाणी घ्या, नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पिऊ नका, त्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते धोक्याचं असतं. तीस किलोमीटरचा रन मात्र द्वादशीला, पारणं सोडून, पोटात नीट अन्न गेल्यावर संध्याकाळी किंवा सरळ पुढच्या रविवारी. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपास आणि पळणं एकत्र करण्याआधी डॉक्टरांना विचाराच.